केशव पेंढरकर : परळच्या घरातील कारखाना

हळद अंगाला लावावी, हे मराठी घरात कोणाला शिकवावे लागत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशीच्या समारंभापासून कापलेल्या बोटावर दाबलेल्या चिमटीपर्यंत तिचा वावर आहे. मात्र चेहऱ्यावर पिवळा डाग न ठेवता ती रोज लावता यावी, हे काम दिसते तेवढे सोपे नव्हते. 1975 मध्ये हळदीचे क्रीम नळीत भरून ‘विको टर्मरिक’ या नावाने बाजारात आले. ज्यांनी या उद्योगाचा पाया घातला, ते केशव विष्णू पेंढरकर मात्र ते पाहायला नव्हते. 1971 मध्येच त्यांचे निधन झाले होते.

पेंढरकर मूळचे कारखानदार नव्हेत. नागपुरात त्यांचे रेशनचे दुकान होते. संसार त्यावर चालत होता, पण मन रमत नव्हते. त्यांनी कुटुंबासह मुंबई गाठली, उपनगरात लहानसहान व्यवसाय करून पाहिले आणि माल विकायचा कसा, याचे धडे तिथे गिरवले. त्या काळी प्रसाधनांच्या दुकानांत पॉण्ड्स, निव्हिया आणि मुंबईतच तयार होणारा अफगाण स्नो यांचे राज्य होते. या पांढऱ्याशुभ्र डब्यांना आयुर्वेदातून पर्याय देता येईल, असे पेंढरकरांना वाटू लागले. भांडवल जवळजवळ नव्हतेच.

1952 मध्ये परळच्या लहानशा घरात त्यांनी विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी सुरू केली. नाव वडिलांचे. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘विको’ हा शब्द तयार झाला. पहिले उत्पादन मात्र चेहऱ्यासाठी नव्हते, ते दंतमंजन होते. हा निर्णय व्यवहारी म्हटला पाहिजे. वनस्पती वाळवणे, कुटणे, चाळणे ही कामे घरात होऊ शकतात. क्रीमचे तसे नाही. त्यात तेल आणि पाणी एकजीव करून महिनोन्महिने तसेच टिकवावे लागते. आयुर्वेदाचा अभ्यास असलेल्या मेहुण्याच्या मदतीने 18 वनस्पतींचे मंजन सिद्ध झाले. बाभूळ, खैर, बकुळ यांच्या जोडीला वज्रदंती, म्हणजे आपल्या कुंपणावरची काटेरी कोरांटी. तिच्यावरूनच उत्पादनाचे नाव पडले. घरातली माणसेच मंजन तयार करीत आणि पेंढरकर मुलांना बरोबर घेऊन ते दारोदार विकत. चार पैसे उशिरा मिळाले तरी चालतील, पण कृत्रिम रसायने घालायची नाहीत, हा त्यांचा हट्ट होता.

1957 मध्ये औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतलेला मुलगा गजानन व्यवसायात आला आणि घरगुती ज्ञानाला प्रयोगशाळेची शिस्त मिळाली. वडिलांच्या पश्चात हळदीच्या क्रीमचे काम तडीस नेले ते त्यांनीच.

हळद ही प्रयोग करणाऱ्याची परीक्षा पाहणारी वस्तू आहे. तिचा पिवळा रंग पाण्यात विरघळत नाही, कापडाला लागला तर सुटत नाही आणि उन्हात मात्र विटतो. चुना किंवा टाकणखारासारखा क्षार लागला की ती लाल होते. आपले पारंपरिक कुंकू होते ते याच गुणामुळे. आणि त्वचेत जिरणाऱ्या क्रीमचा पाया तर स्टिअरिक आम्लाचा काही भाग क्षाराने साबणासारखा करूनच बनवला जातो. त्यामुळे डब्यात हळदपूड टाकून घोटली, असे करून भागणारे नव्हते. हळदीचा अर्क आणि चंदनतेल यांचा मेळ घालून फिकट पिवळे क्रीम तयार झाले.

तरीही पांढऱ्या स्नोला सरावलेले दुकानदार पिवळे क्रीम ठेवायला कचरत. कंपनीचे विक्रेते आरसा बरोबर नेत आणि क्रीम तिथेच लावून दाखवीत. चेहरा पिवळा होत नाही, याचा पुरावा समोर! पुढे 1984 मध्ये दूरदर्शनवरील ‘ये जो है जिंदगी’ या मालिकेच्या प्रायोजकत्वामुळे हे नाव घरोघरी पोहोचले.

पण खरी लढाई कचेरीत आणि न्यायालयात झाली. केंद्रीय उत्पादनशुल्क खात्याच्या मते हे क्रीम सौंदर्यप्रसाधन होते, कंपनीच्या मते आयुर्वेदिक औषध. प्रसाधनावरील कर कितीतरी अधिक असल्याने हा केवळ शब्दांचा वाद नव्हता. उत्पादनाचा परवाना औषधाचा होता. 1978 मध्ये वाद न्यायालयात गेला. तिथे कंपनीची बाजू मान्य झाली, पण 1985 च्या नव्या शुल्क कायद्यानंतर खात्याने तोच प्रश्न पुन्हा उकरून काढला. जाहिरातीच्या गाण्यात आपण प्रसाधन नसल्याचे विको इतक्या ठासून का सांगत असे, याचा उलगडा इथे होतो. त्या गाण्याला करनिर्धारणाचीही एक बाजू होती, हे ते गुणगुणणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल?

घरात सर्वांना माहीत असलेली गोष्ट ग्रंथ उघडून सिद्ध करावी लागणे, हे हळदीच्या नशिबीच असावे. अमेरिकेत 1995 मध्ये जखमेवरील हळदीच्या उपयोगाचे पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरनेही जुने संदर्भ सादर केले आणि 1997 मध्ये ते रद्द करवून घेतले. विकोच्या खटल्यातही दोन गोष्टी पाहिल्या गेल्या : सामान्य माणूस या वस्तूला काय समजतो आणि तिच्यातील घटक आयुर्वेदाच्या प्रमाण ग्रंथांत आहेत की नाहीत. या शतकाच्या पहिल्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने खात्याचे म्हणणे फेटाळले. तोवर केशव पेंढरकरांच्या निधनाला तीन दशकांहून अधिक काळ लोटला होता.