हाफकीन साहेब व प्लेगची लस

बेलापूरजवळील दिवाळे गावच्या कोळी बंधूंस खाडीपलीकडील मुंबई परकी नाही. त्या मुंबईत परळ येथे हाफकीन इन्स्टिट्यूट ही संस्था आहे. तिला ज्यांचे नाव दिलेले आहे, त्या गृहस्थांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. गावात लस टोचणारे आले म्हणजे, हा आपल्या जिवावर प्रयोग तर नव्हे, अशी शंका पुष्कळांस येते. ती शंका अगदीच वावगी नाही.

वाल्डेमार हाफकीन यांचा जन्म सन १८६० मध्ये, तेव्हा रशियाच्या राज्यात असलेल्या ओडेसा शहरी, एका यहूदी कुटुंबात झाला. ते वैद्य नव्हते. प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते. पुढे पॅरिस येथील पाश्चर यांच्या संस्थेत त्यांनी पटकीवरील लस तयार केली व १८९२ साली ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९३ साली ते हिंदुस्थानात आले.

१८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उद्भवला, तेव्हा सरकारने हाफकीन यांस तेथे धाडिले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व एक ओसरी एवढ्यावर त्यांनी काम आरंभिले. मांसाच्या रसावर तुपाचे थेंब सोडून त्यांच्या आश्रयाने ते प्लेगचे जंतू वाढवीत व मग उष्णतेने मारीत. अशा रीतीने लस सिद्ध झाली. परंतु ती प्रथम कोणास टोचावी? रोगी असहाय, गरीब अडलेला. त्यांच्यावर प्रयोग करणे सोपे होते. हाफकीन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी, इतरांस द्यावयाच्या मापाहून पुष्कळ मोठे माप स्वतःच्या अंगी टोचून घेतले. ताप व वेदना सोसल्या, आणि मगच ते लोकांकडे वळले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी राजी झाले त्यांसच लस दिली, व न घेणाऱ्यांशी ताडून पाहता तिचा गुण स्पष्ट दिसला. तथापि कैद्याची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न आम्हांस येथे टाळता येत नाही. भिंतीआडचा मनुष्य नाही म्हणावयास भितो. म्हणूनच त्याच्याकडून होकार घेणाऱ्यावर अधिक भार असतो.

त्याच वर्षी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यात सोजिरांनी घरे झडतली, आणि लोकांचा क्षोभ एवढा वाढला की, २२ जून रोजी प्लेग अधिकारी रँड यांजवर गोळी झाडण्यात आली. एकाच रोगाशी झगडण्याचे हे दोन मार्ग होते. आगाखान यांनी लोकांसमक्ष लस टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या अनुयायांची भीती ओसरली. शिपायांच्या धाकाने ती ओसरली नव्हती.

पुढे कठीण प्रसंग आला. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ माणसे धनुर्वाताने मेली. ती सर्व एकाच बाटलीतून टोचलेली होती. दोष हाफकीन यांच्या प्रयोगशाळेवर आला व त्यांस कामावरून दूर करण्यात आले. बाटली गावात उघडताना झालेल्या हयगयीकडे पुरावा बोट दाखवीत होता. १९०७ साली रोनाल्ड रॉस आदि शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू जाहीरपणे मांडिली, तेव्हा ते दोषमुक्त ठरले. त्यानंतर ते कलकत्त्यास परतले. पण पूर्वीचा अधिकार त्यांस लाभला नाही. १९२५ साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले, आणि १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचा अंत झाला.

त्या १९ जणांचे प्राण कोणत्याही निर्णयाने परत आले नाहीत, हेही आम्ही विसरू नये. औषध चांगले असूनही एका हाताच्या निष्काळजीपणाने ते विष होते. याकरिता आमच्या वाचकांनी लस नाकारू नये. पण सुई स्वच्छ आहे काय, औषध कशाचे आहे, हे विचारण्यास संकोचही करू नये. ज्याने आधी स्वतःवर धोका घेतला, त्याला अशा प्रश्नांचा राग आला नसता.