रमाबाई आणि महादेवराव : सत्तावीस वर्षांचे सहजीवन

डिसेंबर १८७३ मध्ये महादेव गोविंद रानडे यांनी दुसरा विवाह केला, तेव्हा सुधारकांच्या वर्तुळात त्यांची बरीच नाचक्की झाली. विधवाविवाहाचा उघड पुरस्कार करणाऱ्या एकतीस वर्षांच्या या विद्वानाने वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून अकराव्या वर्षात असलेल्या मुलीशी लग्न केले होते. मुलीला अक्षरओळखही नव्हती. या नात्यात प्रेम उपजावे, असे त्या दिवशी काहीच नव्हते.

रानड्यांनी लगेचच रमाबाईंना शिकवायला सुरुवात केली. आधी मराठी, पुढे इंग्रजी. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे खपत नसे. दिवसभर टोमणे आणि रात्री धडे, अशी त्या मुलीची कित्येक वर्षे ओढाताण झाली. रानडे घरच्यांशी भांडत नसत, पण धडेही थांबवत नसत. त्यांच्या या सोशिकपणाची किंमत बरीचशी रमाबाईंनीच मोजली, हेही म्हटले पाहिजे. १८८६ मध्ये सरकारी समितीच्या कामासाठी दोघे कलकत्त्याला गेले. तेथे रानडे स्वतः बंगाली शिकू लागले. दाढी करायला येणाऱ्या न्हाव्यालाही शब्द विचारीत, आणि शिकलेले पत्नीला शिकवीत. दीर्घकाळच्या सोबतीत ओढ टिकते ती जोडीने काही नवे करत राहिल्याने, असे आर्थर अॅरन या मानसशास्त्रज्ञाचे संशोधन विसाव्या शतकाच्या अखेरीस सांगू लागले. गिरगाव-पुण्याच्या त्या संसारात हे आधीच घडत होते.

शिकवलेली पत्नी मग स्वतःचे मतही बाळगू लागली. पंचहौद मिशनमधील चहापानाच्या प्रकरणात रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, ते रमाबाईंना रुचले नाही. रानड्यांनी ती नाराजी जाणली. संसार मात्र विस्कटला नाही.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. रमाबाई त्यानंतर तेवीस वर्षे जगल्या. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांना त्या भेटू लागल्या, १९०९ मध्ये पुण्याच्या सेवासदनाच्या उभारणीत पुढे झाल्या. १९१० मध्ये त्यांनी आपल्या संसाराच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. रूढीप्रमाणे नवऱ्याचे नाव घ्यायचे नव्हते, म्हणून पुस्तकभर त्यांनी रानड्यांचा उल्लेख एकाच सर्वनामाने केला. ते सर्वनाम होते ‘स्वतः’.