कमला सोहोनी

कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, इ.स. १९११ – इ.स. १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. केंब्रिज विद्यापीठातून विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या आरंभीच्या भारतीय स्त्रियांत त्यांचा समावेश होतो. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा, कडधान्ये आणि तांदळाचे पीठ या सामान्य जनतेच्या अन्नपदार्थांवर संशोधन केले. नीरेवरील कार्यासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. लेखिका व लोकसंस्कृतीच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी होत.

बालपण आणि शिक्षण

कमला भागवत यांचा जन्म इंदूर येथे झाला. त्यांचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते व दोघांनीही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत (पुढची भारतीय विज्ञान संस्था) शिक्षण घेतले होते. घरातील हा वारसा पाहता रसायनशास्त्राची निवड त्यांच्यासाठी स्वाभाविकच होती. इ.स. १९३३ मध्ये त्या भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र हे विषय घेऊन मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या.

बंगळूर येथील प्रवेश

याच यशाच्या बळावर त्यांनी भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, अर्जदार स्त्री आहे एवढ्याच कारणावरून, तो नाकारला. कमलाबाई बंगळूरला जाऊन त्यांना प्रत्यक्ष भेटल्या आणि नकाराचे कारण त्यांनी विचारले. अखेरीस अटींवर प्रवेश मिळाला. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, वेळ पडल्यास रात्रीही, काम करावे लागणार होते. आणि त्यांच्या उपस्थितीमुळे पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशीही एक अट होती. कमलाबाईंनी या अटी मान्य केल्या, परंतु त्यांतील अपमान त्या विसरल्या नाहीत. उतारवयातही त्यांनी हा प्रसंग जाहीरपणे सांगितला. रामन यांच्या चरित्रकथनात हा भाग पुष्कळदा गाळला जातो, म्हणून त्याची नोंद येथे आवश्यक आहे.

श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षाअखेरीस त्यांचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि त्यांना नियमित प्रवेश देण्यात आला. त्यानंतर संस्थेत स्त्रियांच्या प्रवेशाचा मार्ग खुला झाला. इ.स. १९३६ मध्ये त्यांनी एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह संपादन केली.

केंब्रिज

इ.स. १९३७ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालेले फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स तेथील जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते. प्रयोगशाळेत जागा अपुरी होती. डेरेक रिक्टर यांनी स्वतःचे टेबल दिवसा वापरण्यासाठी त्यांना दिले. पुढे रॉबिन हिल यांच्यासमवेत वनस्पतींच्या ऊतींवर काम करताना, बटाट्याच्या अभ्यासातून त्यांना असे आढळले की, प्राणिपेशींच्या श्वसनात महत्त्वाचे कार्य करणारे सायटोक्रोम सी हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते. या शोधावर आधारित त्यांचा प्रबंध अवघा सुमारे चाळीस पृष्ठांचा होता आणि तो चौदा महिन्यांत पूर्ण झाला. इ.स. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख अनेक ठिकाणी होतो. तो सावधपणे घ्यावा लागतो, कारण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने इ.स. १९३१ मध्येच डॉक्टरेट दिली होती.

भारतात पुनरागमन

परदेशात पुढील संशोधनाची संधी असतानाही त्या इ.स. १९३९ मध्ये भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळले. त्यानंतर कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. तेथे पदोन्नतीची शक्यता दिसेना, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. इ.स. १९४७ मध्ये विमागणिती मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या. तेथील विज्ञान संस्थेत (तत्कालीन रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागात त्यांची प्राध्यापकपदी नेमणूक झाली. पुढे त्या या संस्थेच्या संचालक झाल्या, मात्र हे पद त्यांना विलंबाने मिळाले. आरे दूध प्रकल्पाच्या प्रशासनालाही त्यांनी दुधाच्या गुणवत्तेबाबत सल्ला दिला.

नीरेवरील संशोधन

राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून सोहोनी यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. या कामाचे महत्त्व समजण्यासाठी तत्कालीन परिस्थिती लक्षात घेणे आवश्यक आहे. मुंबई राज्यात इ.स. १९४९ चा दारूबंदी कायदा लागू झाला आणि मालवण, वेंगुर्ले, देवगड या किनाऱ्यावर (आजचा सिंधुदुर्ग जिल्हा, त्या वेळचा रत्नागिरी जिल्ह्याचा भाग) पिढ्यान्‌पिढ्या माडी काढणाऱ्या भंडारी समाजाच्या उपजीविकेवर त्याचा परिणाम झाला. माडी आणि नीरा एकाच झाडातून, एकाच पोयीतून येतात. दोहोंत अंतर असते ते काही तासांचे. कायद्याने नीरेचा वेगळा विचार केला होता. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या कल्पनेतही ताडगुळाला स्थान होते. नीरा हे निव्वळ गोड पेय आहे की पोषक अन्न, या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेतूनच मिळणे शक्य होते.

माडाची न उमललेली पोय बांधून, हलकेच ठोकून तिचे टोक रोज छाटतात. त्यातून थेंबाथेंबाने पाझरणारा रस मडक्यात रात्रभर साठतो आणि पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, उतरवला जातो. ताज्या रसात साखरेचे प्रमाण शेकडा १२ ते १५ च्या आसपास असते व ती प्रामुख्याने उसातील साखरेच्याच प्रकारची असते. हवेतील व मडक्यातील किण्व या साखरेवर त्वरित काम सुरू करतात. ते रोखण्यासाठी मडक्याला आतून चुना लावतात आणि रस थंड ठेवतात. चुना न लावलेल्या मडक्यातील रस सकाळ उलटेपर्यंत फेसाळून आंबू लागतो, तीच माडी.

सोहोनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरेतील घटकांचे विश्लेषण केले. तीत अ व क जीवनसत्त्वे तसेच लोह उपयुक्त प्रमाणात असल्याचे त्यांना आढळले. नीरा आटवून केलेला गूळ आणि काकवी यांच्या साठवणीतही हे घटक टिकून राहतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. क जीवनसत्त्व उष्णतेने सहज नष्ट होणारे असल्यामुळे हा निष्कर्ष विशेष ठरला. त्यानंतर आदिवासी भागातील कुपोषित किशोरवयीन मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश करून पाहण्यात आला, तेव्हा त्यांच्या प्रकृतीत लक्षणीय सुधारणा दिसली. किमतीने स्वस्त आणि स्थानिक पातळीवर मिळणारे पूरक अन्न म्हणून नीरेची बाजू त्यामुळे भक्कम झाली. राष्ट्रपतींचे पारितोषिक याच कार्याबद्दल मिळाले.

नीरेची काकवी आणि घरगुती भाजकाम

आटवलेल्या नीरेची तुलना युरोपीय स्वयंपाकघरातील माल्टच्या अर्काशी करता येते. माल्टसाठी सातू भिजवून त्यांना मोड आणतात व नंतर ते वाळवतात. मोड येताना दाण्यात विकरे तयार होतात. भरडलेले धान्य कोमट-गरम पाण्यात ठेवले की ही विकरे पिष्टाचे माल्टोज या साखरेत रूपांतर करतात. गाळलेले पाणी आटवले की दाट, तपकिरी, मधासारखा अर्क मिळतो. पाव किंवा केकच्या पिठात तो घातल्यास यीस्टला खाद्य मिळते, पावाचे कवच चांगला रंग धरते आणि आतील भाग मऊ राहतो.

नीरेत ही खटपट झाडाने आधीच करून ठेवलेली असते. साखर रसात तयार असते. ती आंबण्यापूर्वी आटवणे एवढेच काम उरते. एक किलो गुळासाठी साधारण सात-आठ लिटर रस लागतो. गूळ धरण्याच्या आधीच आच काढली तर काकवी मिळते, आणि ती माल्टच्या अर्काप्रमाणे पिठात मिसळता येते. एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. सौम्य आचेवर तयार केलेल्या काही माल्ट अर्कांत विकरे जिवंत राहतात व ती पिठातील पिष्टावरही काम करतात. नीरेच्या काकवीत तसे होत नाही. तिच्यामुळे पीठ आपोआप फुगतही नाही, कारण उकळताना किण्व मरतात. त्यासाठी यीस्ट वेगळे घालावे लागते.

फुगवण्याचे काम किनाऱ्यावर परंपरेने माडीच करीत असे. गोव्यातील पोदेर पावाचे पीठ माडीवर आंबवत; गोव्याच्या सान्ना आणि वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजातील फुगे यांतही माडी वापरली जाई. दोदोल या गोव्याच्या मिठाईत माडाचा गूळ लागतो. मालवणी घरांतील भाजकामाची स्वतंत्र परंपरा म्हणजे तवसाचे धोंडस: तवसाचा कीस, तांदळाचा रवा आणि गूळ यांचे मिश्रण खाली चूल व वर झाकणावर निखारे ठेवून भाजले जाते. भट्टी नसलेल्या घरातील हा केकच होय. पूर्वी ज्याकडे केवळ चव आणि रूढी म्हणून पाहिले जात असे, त्या गुळाला सोहोनी यांच्या संशोधनाने पोषणाच्या हिशेबात स्थान दिले.

कडधान्यांवरील संशोधन

बंगळूरला सुरू झालेला कडधान्यांचा अभ्यास त्यांनी मुंबईतही चालू ठेवला. कडधान्यांत प्रथिने भरपूर असली तरी कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारी द्रव्येही असतात. वाल व डबल बी यांतून अशी द्रव्ये स्फटिकरूपात वेगळी केल्याचा त्यांचा शोधनिबंध इ.स. १९५५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शिजवल्याने ही द्रव्ये बहुतांशी निष्प्रभ होतात. कोकणात वाल भिजवून, मोड आणून, सोलून आणि मग शिजवून बिरडे करण्याची रीत आहे. मोड आणताना दाण्यात जी विकरे जागी होतात, त्याच प्रकारच्या क्रियेवर माल्टही आधारलेला आहे.

ग्राहक चळवळ

इ.स. १९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी स्थापन केलेल्या ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ या संस्थेच्या कार्यात सोहोनी आरंभापासून सहभागी होत्या. इ.स. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. अन्नातील भेसळ गृहिणीला घरच्या घरी ओळखता यावी यासाठी सोप्या चाचण्यांचा प्रसार करण्यात त्यांचा वाटा होता. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेखन केले.

अखेरचा काळ

निवृत्तीनंतर त्यांचे नाव वैज्ञानिक वर्तुळातून जवळपास विस्मृतीत गेले होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक गो. वि. सत्यवती यांना त्यांच्या कार्याची माहिती मिळाली, तेव्हा परिषदेने दिल्लीत त्यांचा गौरव समारंभ आयोजित केला. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि थोड्याच काळात, इ.स. १९९८ मध्ये, त्यांचे निधन झाले.