राजरत्न गेल्यानंतरचे आठ महिने

महाडची गोष्ट आपण नेहमी २० मार्च १९२७ पासून सांगतो. चवदार तळे, ओंजळभर पाणी, नंतरचा हल्ला. तळा, म्हसळा, माणगावकडून गाड्या भरून लोक दरवर्षी क्रांतिस्तंभापाशी जातात आणि एवढे ऐकून परत येतात. त्या दिवसाआधी बाबासाहेबांच्या घरात काय घडले होते, हे भाषणांत क्वचितच येते.

जुलै १९२६ मध्ये त्यांचा धाकटा मुलगा राजरत्न गेला. गंगाधर, रमेश आणि इंदू त्याच्याआधीच गेले होते. पाच मुलांपैकी एकटा यशवंत उरला. बाबासाहेब तेव्हा ३५ वर्षांचे होते. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या होत्या, पण बिऱ्हाड परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांतच. वकिलीला जेमतेम तीन वर्षे झाली होती. सनद काढण्यापुरते पैसेही मित्र नवल भथेना यांनी दिले तेव्हा ती हातात आली. अस्पृश्य वकिलाकडे खटला घेऊन येणारे अशील थोडे, म्हणून १९२५ पासून ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदाही शिकवत होते.

राजरत्न गेल्यावर महिन्याभराने त्यांनी मित्र दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले. त्यात धीराचा आव नाही. मुलांबरोबर जगण्यातला रस निघून गेला, आपण दोघे नवराबायको यातून लवकर सावरू असे वाटत नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. आपल्या तरुणांनी ते एकदा तरी वाचावे. आपण बाबासाहेबांचा पुतळा इतका ताठ उभा केला आहे की हा माणूस कधी कोसळला असेल, हेच आपल्याला सुचत नाही. मग स्वतःला झोप लागत नाही, छाती धडधडते, तेव्हा पोरगा ते कुणाला सांगत नाही. भीमसैनिक असून असे कसे, याची त्याला लाज वाटते.

त्या काळी घरात मूल गेले की उत्तर तयार असे: मागच्या जन्मीचे पाप, नशीब, दैवाचा कोप. हे उत्तर देणारी समाजव्यवस्थाच अस्पृश्यालाही सांगत होती की तुझा जन्म तुझ्याच कर्माचे फळ आहे. बाबासाहेबांनी हे कर्म कधीच स्वीकारले नाही. पुढे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये त्यांनी बुद्धाचा कम्मविचार गतजन्मीच्या कर्मापासून स्पष्ट वेगळा काढला. गतजन्मावर भार टाकला की अन्याय करणारा सुटतो आणि सोसणारा दोषी ठरतो, हे त्यांनी ओळखले होते.

आज हेच जुने कर्म नव्या कपड्यांत येते. करिअर शिबिरातला वक्ता सांगतो, तुझ्या परिस्थितीला तूच जबाबदार आहेस. समोर बसलेल्या पोराचे वडील मुंबईला रोजंदारीवर, घरची जमीन नावापुरती, भरतीच्या परीक्षेची तारीख पुढे ढकललेली. त्याच्या चिंतेची ही कारणे त्याच्या मनात नाहीत, बाहेर आहेत. सी. राइट मिल्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये हाच भेद मांडला: एक माणूस बेकार असेल तर ती त्याची अडचण, गावेच्या गावे बेकार असतील तर तो समाजाचा प्रश्न. जबाबदारी हा शब्द आपल्या पोरांसमोर उच्चारण्याआधी एवढे साफ व्हायला हवे.

आणि तरीही बाबासाहेबांच्या त्या आठ महिन्यांकडे पाहिले की जबाबदारीचा दुसरा अर्थ दिसतो. दोष कुणाचा, हे त्यांना पक्के ठाऊक होते आणि ते त्यांनी आयुष्यभर स्पष्टपणे मांडले. पण उद्या सकाळी माझ्या हातात काय आहे, हा प्रश्न त्यांनी दोषाच्या प्रश्नापासून वेगळा ठेवला. ऑक्टोबर १९२६ मध्ये, मुलगा जाऊन तीनच महिने झाले असताना, ते पुण्याच्या कोर्टात उभे होते. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून बागडे, जेधे, जवळकर यांच्यावर बदनामीचा खटला झाला होता. बाबासाहेबांनी तो लढवला आणि जिंकला. १ जानेवारी १९२७ ला ते भीमा कोरेगावच्या स्तंभापाशी होते. फेब्रुवारीत मुंबई विधिमंडळात नियुक्त सदस्य म्हणून शपथ घेतली. मार्चमध्ये महाड. बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम आणि बाटलीबॉयचे तास या सगळ्यात चालूच होते.

दुःख सरले म्हणून ते कामाला लागले, असे या क्रमावरून म्हणता येत नाही. दुःख तिथेच होते. त्याच्या शेजारी त्यांनी काम मांडले.

याची किंमत घराने मोजली, हेही बोलले पाहिजे. चारही मुलांचे दुखणे काढले ते रमाईंनी. नवरा लंडनला असताना कमालीच्या गरिबीत घर चालवले तेही त्यांनीच. त्यांच्यावरच्या ताणाबद्दल आपण गाणी म्हणतो, पण आज कार्यकर्त्यांच्या बायकांना तोच ताण आपण खुशाल देतो.

आता महाड. परिषदेची जुळवाजुळव रामचंद्र मोरे यांनी केली होती. अनंतराव चित्रे आणि नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस सोबत होते. २० मार्चला तळ्याचे पाणी घेतल्यावर अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली आणि जेवणावर बसलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या लोकांवर लाठ्या चालल्या. कित्येकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. परिषदेला आलेल्यांत फौजेतून निवृत्त झालेले महार होते, त्यांचे हात शिवशिवत होते. एक इशारा पुरला असता. बाबासाहेबांनी तो दिला नाही. जखमींची विचारपूस केली, फिर्याद नोंदवली. पुढे हल्लेखोरांपैकी पाच जणांना शिक्षा झाली. ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला आणि त्याचे रकानेच्या रकाने ते एकहाती लिहू लागले.

डिसेंबरचा प्रसंग मला याहून अवघड वाटतो. ऑगस्टमध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले करणारा ठराव मागे घेतला होता. सनातन्यांनी तळे खासगी असल्याचा दावा लावून १४ डिसेंबरला सत्याग्रहाविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. मंडपाला जागा देणारा हिंदू मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी जमीन दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. हजारो लोक तुरुंगात जायच्या तयारीने आले होते. आदल्या मार्चमध्ये मार खाल्लेले त्यांत होते. अशा वेळी त्यांनी स्वतः उभे राहून सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव मांडला. कोर्टात लढत असताना कोर्टाचाच हुकूम मोडला तर सरकारही विरोधात जाईल आणि मार लोकांच्या पाठीवर पडेल, हा त्यांचा हिशेब होता. लोक नाराज होणार हे दिसत होते. ती नाराजी त्यांनी दुसऱ्या कुणाच्या नावावर ढकलली नाही. २७ तारखेला तळ्याभोवती मिरवणूक निघाली आणि पाण्याला न शिवता परतली.

आजच्या कार्यकर्त्याच्या अर्ध्या चिंता इथे आहेत. मोर्चा काढला नाही तर लोक काय म्हणतील, व्हॉट्सॲप ग्रुपवर कोण गद्दार म्हणेल. निर्णय टाळत राहिला की ही काळजी वाढतच जाते, रात्री दोन वाजता मोबाइल पाहायला लावते. निर्णय घेतला आणि त्याचे परिणाम आपले मानले की शिव्या थांबत नाहीत, पण झोप लागू शकते. मी तरुणांच्या गटांत हे वारंवार पाहते. तालुक्याच्या ऑफिसात अर्ज कुणी द्यायचा यावर महिनाभर सगळे अस्वस्थ असतात आणि एक मुलगी उठून देऊन येते. अर्जाचे काय होईल ते होवो, तिचा चेहरा त्या दिवशी वेगळा असतो.

परिषद संपल्यावर बाबासाहेब महाडजवळची बौद्ध लेणी पाहायला गेले. सोबत्यांना भिक्खूंच्या राहणीबद्दल सांगत ते त्या दगडी खोल्यांतून फिरले. आपल्या तळा तालुक्यातली कुडा लेणी त्याच परंपरेतली. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे, भिक्खुणी आहेत. आपापल्या वाट्याचे दान करून या लोकांनी मिळून डोंगर कोरून घेतला.

शरीराकडेही ते पुढे वळले. मधुमेह आणि पायांच्या वेदनांनी त्यांना उत्तरायुष्यात गांजले. त्यांनी औषधोपचार घेतले आणि उपचारांतूनच ओळख झालेल्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ ला लग्न केले. प्रौढ वयात बळवंतराव साठे यांच्याकडे ते व्हायोलिन शिकायला बसले होते. त्यामुळे कुणाची अस्वस्थता आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर तिला मनोबलाचा प्रश्न करू नका. डॉक्टरकडे जाणे किंवा १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करणे हेही आपल्या हातातलेच काम आहे.

महाडचा दावा कनिष्ठ कोर्टातून वर वर जात राहिला. त्या दरम्यान गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, येवल्याची घोषणा झाली. मे १९३५ मध्ये रमाई गेल्या. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला: तळे अस्पृश्यांना बंद करण्याचा हक्क कुणालाही नाही. पाणी घेतल्याला तीन दिवस कमी दहा वर्षे झाली होती. बाबासाहेब तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे निवडून आलेले आमदार होते आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी कुलाबा, रत्नागिरीच्या कुळांना पिळणारी खोती रद्द करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले.