रामन यांनी प्रवेश नाकारलेल्या कमलाबाई आणि अन्न तपासणारी कागदाची पट्टी

कोविडच्या वेळी रॅपिड टेस्टची पट्टी आपण सगळ्यांनीच पाहिली. तशीच कागदाची पट्टी आता अन्नातले साल्मोनेला, ई. कोलाय असे घातक जंतू शोधायला तयार होतेय. तिला म्हणतात पेपर बायोसेन्सर. तिच्यामागे आहे जैवरसायनशास्त्र, आणि भारतात या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांमध्ये एक मराठी नाव आहे, डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाईंचा जन्म १९११ चा, इंदूरचा. माहेरचं आडनाव भागवत. लेखिका दुर्गा भागवत त्यांची थोरली बहीण. वडील आणि काका दोघेही केमिस्ट.

१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून बीएस्सीला पहिल्या येऊन त्यांनी बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत, थेट सत्याग्रहाला बसल्या. शेवटी एका वर्षाच्या प्रोबेशनवर प्रवेश मिळाला. त्यांचं काम बघून रामन यांनी पुढे इतर मुलींनाही दार उघडलं.

तिथे त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर संशोधन केलं. मग केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये पीएचडी मिळवली. विज्ञानात पीएचडी करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. प्रबंध होता जेमतेम ४० पानांचा!

परदेशात न राहता त्या परत आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर महिलांना नीरेचा फायदा होतो, हे दाखवलं. आरे दूध योजनेलाही दुधाच्या दर्जाबाबत सल्ला दिला. निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत उतरल्या आणि 'कीमत' मासिकातून ग्राहकांच्या सुरक्षेवर लिहीत राहिल्या. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं.

आता पुन्हा पट्टीकडे. कागदावर अँटीबॉडी लावलेल्या असतात. नमुन्यातला ठरावीक जंतू त्यांना चिकटतो आणि सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे किंवा एन्झाइममुळे रंगीत रेघ उमटते. कमलाबाईंनी आयुष्यभर अभ्यासली ती हीच प्रथिनं आणि एन्झाइमं.

अडचण एकच. जंतू थोडे असतील तर पट्टीला ते सापडत नाहीत. आधी नमुना काही तास उबेत ठेवून ते वाढवावे लागतात. म्हणून रेघ नाही म्हणजे अन्न सुरक्षितच, असं समजू नका. दूध उकळूनच प्या.

तरीही वाशीम जिल्ह्यातल्या जऊळक्यासारख्या गावात ही पट्टी पोचली, तर दूध किंवा पाण्याचा नमुना दूरच्या लॅबमध्ये पाठवून दोन-तीन दिवस थांबायची गरज कमी होईल. अन्नाचं विज्ञान सामान्य माणसाच्या हातात असावं, हेच तर कमलाबाईंचं शेवटच्या वर्षांतलं काम होतं.