श्रीनारायण गुरू आणि अरुविप्पुरमची प्राणप्रतिष्ठा

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस आपल्या घरोघर गणपती येतो. गणपतीच्या शाळेतून पाटावर बसवून आणलेली मूर्ती त्या दिवशी सकाळपर्यंत केवळ माती असते. पुढे भटजी मंत्र म्हणतात, यजमान मूर्तीच्या हृदयास हात लावतो, दूर्वेने तिच्या नेत्रांस तूप लावतो, आणि त्या क्षणापासून उत्तरपूजेपर्यंत तीच माती घरातील लहानथोरांचा देव होते. या विधीस प्राणप्रतिष्ठा म्हणतात, हे वाचकांस ठाऊकच आहे.

देवळातील स्थिर मूर्तीच्या बाबतीत हा विधी पुष्कळ मोठा असतो. मूर्ती प्रथम पाण्यात, मग धान्यात, नंतर शय्येवर ठेवतात. यांस अनुक्रमे जलाधिवास, धान्याधिवास व शय्याधिवास अशी नावे आहेत. होमहवन होते, सोन्याच्या शलाकेने नेत्र उघडतात, न्यास होतात आणि अखेरीस मंत्राने प्राणांचे आवाहन होते. हे सर्व कोणी करावयाचे, याविषयी परंपरेचे निर्बंध कडक होते. दगडात देव आणण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर वादविवादाने न देता आपल्या कृतीने देणारा एक महापुरुष केरळात होऊन गेला. त्यांचे नाव श्रीनारायण गुरू. त्यांचे चरित्र आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत देण्यास एक विशेष कारण आहे. गुरू ज्या ईळव समाजात जन्मले, त्याचा माडांशी व माडी काढण्याच्या धंद्याशी आपल्या भंडारी समाजासारखाच जुना संबंध होता.

तिरुवनंतपुरमजवळच्या चेंपळंती गावी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, गुरूंचा जन्म झाला. लहानपणी त्यांस नाणू म्हणत. वडील माडन आशान हे मुलांस शिकवीत, म्हणून लोक त्यांस आशान, म्हणजे गुरुजी, म्हणत. आई कुट्टी अम्मा. घरी विद्येचा व वैद्यकीचा संस्कार होता. पुढे रामन पिळ्ळै आशान या विद्वान गृहस्थांपाशी राहून नाणूने संस्कृत काव्य, व्याकरण व वेदान्त यांचे अध्ययन केले. परत आल्यावर काही काळ त्यांनीही मुलांस शिकविले. तथापि त्यांचे मन संसारात रमले नाही. चट्टंपी स्वामी या सत्पुरुषाचा सहवास घडला, तैक्काट अय्यावू यांजकडून योगाची दीक्षा मिळाली, आणि मरुत्वामलै डोंगरावरील गुहेत राहून त्यांनी दीर्घ तप केले.

त्या काळचे त्रावणकोर कसे होते, हे आजच्या मुलांस सांगितल्यावाचून कळणार नाही. ईळवांस मोठ्या देवळांत प्रवेश नव्हताच. देवळाभोवतालच्या रस्त्यांवरून चालण्यासही मनाई होती. डॉ. पल्पू हे ईळव तरुण मद्रासेस डॉक्टरीची परीक्षा उत्तीर्ण झाले असता, केवळ जातीमुळे त्यांस स्वतःच्या संस्थानात नोकरी नाकारण्यात आली व त्यांनी म्हैसूर संस्थानात चाकरी पत्करली. ज्यांस शिवाचे दर्शन नाही, त्यांनी क्षुद्र देवतांस पशुबळी व मद्य अर्पण करावे, एवढाच धर्म त्यांच्या वाट्यास ठेविला होता. आणि प्रतिष्ठा करण्याचा अधिकार तर तंत्री म्हणविणाऱ्या नंबूतिरी ब्राह्मणांच्या ठराविक घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता.

अशा स्थितीत १८८८ साल उजाडले. नेय्यार नदीच्या काठी अरुविप्पुरम् येथे गुरूंचा वास होता. महाशिवरात्रीची रात्र होती. नदीकाठी भाविक नामस्मरण करीत बसले होते. मध्यरात्रीनंतर गुरू नदीच्या पात्रात उतरले आणि खोल डोहातून एक शिळा घेऊन वर आले. ती शिळा छातीशी धरून ते बराच वेळ निश्चल उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते, अशी आठवण तेथे सांगतात. पहाटेपूर्वी त्यांनी ती शिळा खडकाच्या पीठावर शिवलिंग म्हणून स्थापिली. तेथे ना यज्ञमंडप होता, ना सोन्याची शलाका, ना तंत्री.

ही वार्ता पसरताच, ब्राह्मण नसता प्रतिष्ठा करण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला, असा प्रश्न गुरूंस विचारण्यात आला. आपण ब्राह्मणांच्या शिवाची नव्हे, तर ईळवांच्या शिवाची प्रतिष्ठा केली आहे, असे त्यांनी शांतपणे सांगितले. शिवाची जात विचारण्याचे धाडस कोणी करू धजेना, आणि वाद तेथेच संपला. पुढे त्या स्थानी, जातिभेद व धर्मद्वेष टाकून सर्वांनी बंधुभावाने राहावे असे हे आदर्श स्थान आहे, या आशयाचा लेख त्यांनी लिहविला. आमच्या मते त्या शिळेची खरी प्राणप्रतिष्ठा या लेखाने पुरी झाली.

त्या देवळाच्या निमित्ताने जमलेल्या लहानशा मंडळातूनच १९०३ साली श्रीनारायण धर्म परिपालन योगम् ही संस्था उभी राहिली. गुरू तिचे अध्यक्ष, कवी कुमारन आशान चिटणीस आणि डॉ. पल्पू तिचे आधारस्तंभ. गावोगावचे लोक गुरूंस प्रतिष्ठेसाठी बोलावू लागले. १९०८ साली तलश्शेरी येथे, १९१० साली कोळिक्कोड येथे व १९१२ साली मंगळुरातील कुद्रोळी येथे त्यांनी प्रतिष्ठा केल्या. कुद्रोळीचे गोकर्णनाथाचे देऊळ बिल्लव समाजाने उभारले. तो समाजही पूर्वी माडीच्याच धंद्यातला. जुन्या क्षुद्र देवतांची ठाणी मोडून, बळी व मद्य बंद करवून, गुरूंनी त्या जागी सात्त्विक पूजा सुरू केली. दारू करू नये, कोणास देऊ नये व स्वतः पिऊ नये, असा उपदेश त्यांनी आपल्याच ज्ञातीस केला. ज्या धंद्यावर ज्ञातीतील कित्येकांच्या चुली पेटत, त्याविरुद्ध बोलणे किती कठीण असते, हे आपल्या वडीलधाऱ्यांस निराळे सांगावयास नको.

गुरूंच्या प्रतिष्ठांचा क्रम पाहिला असता त्यांच्या मनाची वाटचाल ध्यानी येते. १९१२ साली वर्कल्यानजीक शिवगिरीस त्यांनी विद्यादेवता शारदा स्थापिली. तेथे अभिषेक व नैवेद्य यांस फाटा दिला. पुढे आलुवा येथे अद्वैताश्रम काढला. त्यात मूर्तीच ठेविली नाही. कारमुक्कु येथे मूर्तीच्या जागी दीप लावला. मुरुक्कुंपुळा येथे सत्य, धर्म, दया, शांती ही अक्षरे स्थापिली. आणि १९२७ साली कळवंकोडम येथे ॐ शांती या अक्षरांचा आरसा बसविला. देवदर्शनास आलेल्या माणसास तेथे स्वतःचेच मुख दिसते. दगडात प्राण आणणाऱ्या पुरुषाने शेवटी माणसांतील प्राणाकडे बोट दाखविले. आता देवळांऐवजी शाळा बांधा, शाळा हेच मुख्य देऊळ समजा, असाही उपदेश ते करू लागले होते.

या चरित्रातील एक गोष्ट ज्ञातिसंस्थेच्या पुस्तकात लिहिताना आमची लेखणी क्षणभर थबकते, परंतु ती गाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९१६ साली, आपण स्थापिलेल्या संस्थेतच जातीचा अभिमान वाढू लागला असे पाहून, गुरूंनी तिच्याशी असलेला आपला संबंध मनाने सोडला व तसे डॉ. पल्पूंस पत्राने कळविले. जातिभेद आपण केव्हाच टाकिला असून आपण कोणत्याही एका जातीचे नाही, असेही त्यांनी त्याच वर्षी जाहीर केले. जी संस्था ज्ञातीस वर काढण्यासाठी निघाली, तिनेच पुढे ज्ञातीभोवती नवे कुंपण घालू नये, हा यातील बोध आहे.

२० सप्टेंबर १९२८ रोजी शिवगिरी येथे गुरूंनी देह ठेविला. त्यानंतर आठ वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९३६ रोजी, त्रावणकोरच्या महाराजांनी संस्थानी देवळे सर्व हिंदूंस खुली केली. मध्यंतरी १९३१ साली आपल्या ज्ञातीचे भूषण कै. भागोजीशेठ कीर यांनी स्वखर्चाने बांधलेल्या रत्नागिरीच्या पतितपावन मंदिरात लक्ष्मीनारायणाची प्रतिष्ठा झाली. भागोजीशेठांनी ते मंदिर केवळ भंडाऱ्यांसाठी बांधिले नाही, तर पूर्वास्पृश्यांसह सर्व हिंदूंसाठी बांधिले. अरुविप्पुरमच्या लेखाचा आशय कोकणात असा प्रत्यक्ष उतरला.

पुढील चतुर्थीस गणपतीच्या हृदयास हात लावाल, तेव्हा मुलांस नेय्यारकाठच्या त्या रात्रीची गोष्ट सांगावी, आणि त्या देवाच्या दर्शनास आपल्या ओटीवर कोणासही मज्जाव नाही ना, हे एकवार पाहावे, एवढी विनंती ज्ञातिबंधुभगिनींस करून आम्ही हा लेख पुरा करितो.