इंजिन अमेरिकेचं, बॉडी लंडनची, मालक इंदूरचा

जुनी गाडी घ्यायची, इंजिन दमदार करायचं, बॉडी आपल्या मनासारखी बनवून घ्यायची. हे वेड अनसिंगच्या पोरांनाही असतं आणि पुण्या-मुंबईच्याही. अमेरिकेत अशा गाडीला 'हॉट रॉड' म्हणतात. 1930 च्या दशकात कॅलिफोर्नियातले तरुण जुन्या फोर्ड गाड्यांचं वजन उतरवून त्या कोरड्या तळ्यांवर पळवत. त्याच काळात एक मराठी तरुण आपली गाडी थेट मोठमोठ्या कारखान्यांकडून बनवून घेत होता. ते होते इंदूरचे महाराज, दुसरे यशवंतराव होळकर.

जन्म 6 सप्टेंबर 1908 चा. शिक्षण इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डपर्यंत. वडील तुकोजीरावांना 1926 मध्ये गादी सोडावी लागली, तेव्हा यशवंतराव अवघे 17 वर्षांचे. आपण त्या वयात बारावीच्या टेन्शनमध्ये असतो! पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले 1930 मध्ये. पत्नी संयोगिताराजे कागलच्या घाटगे घराण्यातल्या. दोघांनाही नव्या कलेची ओढ. त्यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. त्यात झुंबरं-गालिच्यांचा जुना थाट नव्हता, काच आणि स्टीलचं फर्निचर होतं.

गाडीतही तीच नजर दिसली. अमेरिकेच्या ड्युसेनबर्ग कंपनीची एसजे चासी घेतली. एका ओळीत आठ सिलिंडर, 6.9 लिटरचं इंजिन, वर सुपरचार्जर. कंपनी ताकद सांगायची 320 हॉर्सपॉवर. 1932 ची फोर्ड व्ही-8 होती 65 हॉर्सपॉवरची, यावरून अंदाज घ्या. बॉडी बनवली लंडनच्या गर्नी नटिंगने. रंग केशरी आणि काळा. गाडी एवढी लांब, पण बसणार दोघंच.

अर्थात, हौस राजाची असली तरी पैसा संस्थानाचा होता, आणि संस्थानाचा पैसा रयतेच्या घामाचा. हे विसरून नुसतं 'वा, काय गाडी!' म्हणता येत नाही.

पण सगळं पैशाने टिकतं थोडंच? 1937 मध्ये संयोगिताराजे गेल्या, ऐन तारुण्यात. त्याच वर्षी ड्युसेनबर्ग कंपनीही बंद पडली. ब्रांकुशी या जगप्रसिद्ध शिल्पकाराकडून इंदुरात ध्यानमंदिर उभारून घ्यायचं होतं. त्यासाठी तो इंदूरला येऊनही गेला, पण मंदिर झालंच नाही. 1948 मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं. 5 डिसेंबर 1961 रोजी मुंबईत महाराजांचं निधन झालं. वय फक्त 53.

माणिकबागेतलं फर्निचर 1980 मध्ये लिलावात गेलं, राजवाड्यात सरकारी कार्यालय आलं. केशरी-काळी गाडी अमेरिकेतल्या संग्राहकांकडे पोहोचली. गादी गेली, तिजोरी गेली. उरली ती निवड. ती मात्र महाराजांची स्वतःची होती. गॅरेजमध्ये जुन्या बुलेटचा सांगाडा समोर ठेवून बसलेल्या दोस्ता, खिशात किती आहेत हे नंतर बघ. आधी ठरव, तुला नेमकं काय बनवायचंय?